उशीर कुठं होतोय

"थांबा. आधी टक करू."

रेकॉर्डिंगला भजनी मंडळ आलेलं असो की एखाद्या पुढाऱ्याचा भाचा, ताईंचं पहिलं वाक्य हेच असायचं. मग त्या हेडफोनची एक वाटी माइकच्या तोंडावर दाबून धरायच्या आणि कॉम्प्युटरमधून एक 'टक' सोडायच्या. ते हेडफोनमधून बाहेर पडून माइकमधून परत आत यायचं. पडद्यावर दोन काटे उमटायचे, एक पाठवलेला आणि एक परत आलेला. त्या दोघांमधलं अंतर म्हणजे यंत्रानं केलेला उशीर. डोळे बारीक करून ताई ते अंतर बघायच्या, खिळ्याला टांगलेल्या वहीत आकडा लिहायच्या, आणि मगच गाणाऱ्याला म्हणायच्या, "हां, आता गा."

बीडमध्ये मोंढ्याच्या मागे, टायरच्या दुकानावर त्यांचा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या. भिंतींना जुन्या गाद्या आणि गोणपाट ठोकलेलं. खाली टायर ठोकायला सुरुवात झाली की ताई पायानं जमिनीवर तीनदा धपधप करायच्या, मग खालचा हातोडा थांबायचा. गाणं संपलं की दोनदा धपधप, म्हणजे ठोका आता.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडे पेटी आणि कीबोर्ड वाजवायला जायचो. ताई माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान, चौसाळ्याकडच्या एका मेंढपाळाच्या घरातल्या. कॉम्प्युटर शिकून आधी त्या लग्नाचे व्हिडिओ जोडायच्या. बँडवाल्याचे फुगलेले गाल आणि बँडचा आवाज जुळवण्यात त्यांची सात-आठ वर्षं गेली होती. त्यामुळे एवढासा फरक त्यांच्या कानातून सुटत नसे.

गाणारा गातो, त्याचा आवाज कॉम्प्युटरमध्ये जातो आणि तिथून त्याच्याच कानात परत येतो. या जाण्यायेण्यात उशीर झाला की त्याला आपलाच आवाज मागून ऐकू येतो आणि तो अडखळतो. मोबाइलवर बोलताना कधी आपलाच आवाज उलट कानावर आला असेल, तर ते अडखळणं तुम्हालाही ठाऊक असेल. हा उशीर का होतो, हे मी एकदा ताईंना विचारलं.

"कॉम्प्युटर आवाज एकेक न्हाई नेत, गुरुजी. घोळक्यानं नेतो. रिक्षा तिघं बसले की सुटती, जीप पंधरा जण भरल्याबिगर हलत न्हाई. जीपवाल्याला आराम, पण पैला बसलेला माणूस उगं वाट बघतो."

"मग रिक्षाच करायची."

"रिक्षाला फेऱ्या लई पडतात. डायव्हर दमला की आवाजात फटफट येती. मधलं काईतरी धरावं लागतं." मग त्यांचं नेहमीचं वाक्य, "उशीर कुठं होतोय ते सापडतंच. एकेक वस्तू बाजूला काढत जायचं. शेवटी जी उरती, ती चोर."

एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं गाणं होतं आणि त्याचा भाचा स्वतःच गायला उभा होता. प्रत्येक ओळीला तालाच्या मागे. तीनदा झालं, चारदा झालं, तेव्हा तो चिडून म्हणाला, "तुमचं मशीन लेट हाय बे." ताई रागावल्या नाहीत. केबल बदलून दाखवली, हेडफोन बदलला, टक करून काटे दाखवले. मग अगदी अदबीनं म्हणाल्या, "केबल न्हाई, हेडफोन न्हाई, मशीन न्हाई. आता तुमीच उरले, दादा." भाचा स्वतःच हसला. तो परत आला तो दुसरा गाणारा घेऊन.

त्यांच्या वडिलांचं रेकॉर्डिंग आम्ही तीन वर्षांपूर्वी होळीच्या सुमारास सुरू केलं. आबा पंचाहत्तरीचे. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. मेंढरांमागं फिरताना आणि यात्रेत गायच्या किती ओव्या त्यांना येत होत्या याचा त्यांनाच पत्ता नव्हता. त्या लिहिलेल्या कुठंच नव्हत्या. बरोबरीनं गाणारे दोघं त्याआधीच्या दोन वर्षांत वारले होते. ताई म्हणाल्या, आबा हायेत तोवर घेऊन टाकू. ढोल वेगळा, झांज वेगळी, मागं धरणारी माणसं वेगळी आणि आबांचा आवाज वेगळा, असा एकेक पदर निराळा ठेवून त्यांना ते सगळं नीट बांधायचं होतं.

पहिल्या दिवशी आबांनी हेडफोन घातला, एक ओळ गायली आणि झटकन मागं वळून पाहिलं.

"मागं कोन हाय?"

"कोनी न्हाई, आबा."

"हाय की. माझ्यामागून मलाच म्हनतंय."

आम्ही सगळे हसलो. तो उशीर खरा होता. ताईंनी शोधलं. आवाज गोड करायला कॉम्प्युटरमध्ये लावलेली दोन अवजड साधनं काढली, घोळका लहान केला, आणि माइक व कॉम्प्युटरच्या मधल्या लाल डब्यावरचं एक बटण दाबून आबांचा आवाज कॉम्प्युटरला वळसा घालून थेट त्यांच्या कानात सोडला. आबांनी परत ओळ गायली. "गेलं बग ते," म्हणाले, आणि डोळे मिटून पाऊण तास थांबलेच नाहीत. गादीला टेकून उभ्या राहिलेल्या ताईंनी तेवढा वेळ पदर तोंडाला लावून ठेवला होता.

हे सगळं नीट झालं होतं, म्हणूनच पुढचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

आठवडाभरानं ताईंचा फोन आला. "गुरुजी, आबाचा आवाज ढोलाच्या मागं राहतोय. जरा ऐकून जा." मी जाऊन ऐकलं. जुळणी तपासायला त्या हेडफोनच्या डाव्या वाटीत ढोल आणि उजव्या वाटीत आबा ठेवायच्या. मला काही वेगळं जाणवलं नाही. त्यांनी आबांच्या आवाजाचा पदर पडद्यावर केसभर पुढे सरकवला आणि विचारलं, "आता?" मी म्हटलं, बरं वाटतंय. खरं तर मला फरकच कळला नव्हता. त्यांचा कान माझ्यापेक्षा तयार, मी कशाला वाद घालू?

पुढच्या रविवारी तो पदर आणखी पुढे गेला होता. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी. आता मात्र मला ऐकू येत होतं. ढोलाची थाप पडायच्या आधीच आबांचा शब्द येऊन जात होता, कुणी पाठीमागे लागल्यासारखा. ताई मात्र कपाळाला हात लावून म्हणत होत्या, "अजून मागंच हाय."

मी बोललो नाही. दमल्या असतील, उन्हाळा आहे, होईल नीट, असं स्वतःला सांगितलं. त्या गप्प बसण्याचा मला अजून राग येतो.

ताईंनी एकेक वस्तू बाजूला काढायला घेतली. केबली बदलल्या. आवाजाचा तो लाल डबा काढून संभाजीनगरहून नवा आणवला. इंटरनेट तोडलं. पंखा बंद केला. सगळं काम दुसऱ्या डिस्कवर ठेवून कॉम्प्युटर पुसून कोरा केला आणि पुन्हा भरला. दर वेळी टक. दर वेळी काटे जिथं हवेत तिथंच. वहीतले आकडे एकाखाली एक तेच, आणि त्यांच्या बाजूला ताईंचं अक्षर दिवसेंदिवस मोठं आणि वाकडं होत गेलेलं. ते अक्षरही मी पाहिलं होतं.

चहा पिताना त्या माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. एकदा म्हणाल्या, "परत बोला बरं."

"काय बोलू?"

"कायबी." आणि मी बोलत असताना त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "काई न्हाई," म्हणाल्या, आणि कप धुवायला उठल्या. उठताना दाराच्या चौकटीला धरलं.

मे महिन्यातल्या एका दुपारी वीज गेली. इन्व्हर्टरही थोड्या वेळानं बसला. स्टुडिओत इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. पडदा काळा, डब्यावरचा दिवा बंद. हवेसाठी ताईंनी गादी सरकवून खिडकी उघडली. खाली टायरवाला रिमवर हातोडा मारत होता. ताई खिडकीशी उभ्या राहिल्या त्या हलल्याच नाहीत. बऱ्याच वेळानं, मागं न वळता त्यांनी विचारलं,

"गुरुजी, हातोडा पडतो कधी आन वाजतो कधी?"

मी शेजारी जाऊन पाहिलं. "एकदमच की."

"नीट बघा."

"एकदमच, ताई."

त्यांनी आपले दोन्ही हात छातीसमोर धरले आणि एक टाळी वाजवली. मग आणखी एक. हातांकडे बघत राहिल्या, जणू ते दुसऱ्याचे होते.

"कॉम्प्युटर बंद हाय ना?"

"बंद आहे."

"सगळंच बंद हाय." त्या खाली बसल्या. "मग आता मीच उरले की, गुरुजी."

 खाली हातोडा चालूच होता. पायानं धपधप करून तो थांबवावा एवढंही मला सुचलं नाही.

त्यांचे यजमान एसटीत ड्रायव्हर. दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते ताईंना तपासायला घेऊन गेले, मीही गेलो. बीडमध्ये डोक्याचे फोटो काढले आणि तिथून लगेच संभाजीनगरला पाठवलं. कानाच्या मागं, आत मेंदूला लागून गाठ होती. डॉक्टर समजावून सांगत होते आणि ताई त्यांच्या ओठांकडे टक लावून बघत होत्या. डॉक्टर म्हणाले, उजवा कान राहणार नाही. गाठ पूर्ण निघेल असंही सांगता येत नाही. नंतर मी बाहेर डॉक्टरांना एकट्याला गाठलं. दोन महिने आधी आलो असतो तर? त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हातातले कागद सारखे केले आणि म्हणाले, "असं सांगता येत नाही हो."

ऑपरेशनला आठ दिवस होते. यजमान म्हणाले, घरी पडून राहा. ताई दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओत हजर.

"ऐकून करता येत न्हाई आता. तुमी बसा."

मी कॉम्प्युटरसमोर बसलो, त्या माझ्या मागं खुर्चीवर. आधी त्यांनी आबांच्या आवाजाला आपण जिथं जिथं सरकवलं होतं ते सगळं परत मूळ जागी न्यायला लावलं. एकेक ओवी, एकेक ठिकाण. दोन महिन्यांची त्यांची मेहनत आम्ही तीन दिवसांत पुसली. मी अधूनमधून वळून बघायचो. आपल्या कानाला खोटं पडू देणं त्यांना किती जड जात होतं ते हाताच्या आवळलेल्या मुठीत दिसायचं.

"तुमच्या कानाला जसं येतंय तसं ठेवा. मला इचारू नका."

"ताई, माझा कान तुमच्यासारखा नाही."

"आसू द्या. जाग्यावर तर हाय."

सातव्या दिवशी आबांना बोलावलं. मोठ्या स्पीकरवर सगळं लावलं. ताई स्पीकरकडे पाठ करून, बरोबर वडिलांच्या समोर बसल्या. आपल्याला कसं ऐकू येतंय हा प्रश्नच त्यांनी सोडून दिला होता, त्या फक्त आबांचा चेहरा वाचत होत्या. म्हाताऱ्याची मान ढोलाबरोबर हलू लागली. काठी जमिनीवर ठेका धरू लागली. मेलेले दोन सोबती जिथं ओळ उचलायचे तिथं आबांचे ओठ हलले.

"आबा, मागं राहतंय का कुठं?"

"न्हाई माय." त्यांनी घोंगड्यानं डोळे पुसले. "पर तू आशी कावून बसली? इकडं तोंड कर की, तुझं काम ऐक."

"ऐकलंय मी," ताई म्हणाल्या.

आबांना तोवर कुणी काही सांगितलं नव्हतं. ते ताईंनी त्याच दुपारी सांगितलं, मला बाहेर जायला सांगून.

ऑपरेशन झालं. उजवा कान गेला, पण तो उशीरही गेला. गाठीचा थोडा तुकडा आत राहिला, कारण तो काढणं धोक्याचं होतं. दर सहा महिन्यांनी फोटो काढायला सांगितलं होतं. ताईंनी स्टुडिओचं सामान देऊन टाकलं, खोल्या सोडल्या आणि माहेरी चौसाळ्याला जाऊन राहिल्या. आबांचा गुडघा गेला होता, त्यांच्या मेंढरांमागं त्या जाऊ लागल्या. पहिल्या दोन खेपांना फोटो स्वच्छ आला. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी यजमानांना आत बोलावलं आणि ताईंना बाहेर बसायला सांगितलं. दुसरं ऑपरेशन गेल्या उन्हाळ्यात झालं. त्यातून त्या शुद्धीवर आल्या नाहीत. आबा अजून आहेत. ओव्या गात नाहीत.

मला ताई दिसतात त्या दुसऱ्या ऑपरेशनच्या महिनाभर आधीच्या. मी चौसाळ्याला उतरून हायवेच्या कडेनं चालत गेलो होतो. रस्त्याच्या पलीकडे, नांगरून टाकलेल्या रानात मेंढरं पांगली होती आणि मधोमध ताई उभ्या होत्या, डोक्याला रुमाल बांधून. ट्रक जाऊ दिले आणि मोठ्यानं हाक मारली, "ताई!"

त्यांना हाक ऐकू आली, पण कुठून आली ते एका कानाला कळेना. त्या वळल्या, माझ्याकडे पाठ करून, डोंगराच्या बाजूला. डोळ्यांवर हात धरून तिथं कुणी आहे का ते शोधू लागल्या. तिथं कुणीच नव्हतं. मी पुन्हा हाक मारली. त्या आणखी भलतीकडे वळल्या.

मग त्या शोधायच्या थांबल्या आणि खाली बघू लागल्या. आजूबाजूच्या मेंढरांनी चरणं थांबवून माना वर केल्या होत्या, आणि सगळ्यांची तोंडं माझ्याकडे होती. ताईंनी ती तोंडं कुठल्या बाजूला आहेत ते पाहिलं, त्यांच्यामागोमाग सावकाश मान फिरवली, आणि रस्त्यापलीकडचा मी त्यांना सापडलो.