स्प्रिंगमागचा वॉशर

१८ ऑगस्ट २०२५ रोजी अमेरिकेहून एक लहानसे खोके कराडला आले. माल, टपाल आणि जकात मिळून त्याचे एकसष्ट हजार तीनशे चाळीस रुपये झाले होते. आत विमानाच्या तेलपंपाची दोन दातेरी चाके होती, जोडी मिळून मुठीत मावतील एवढी. नाथाजी शेडग्यांनी आधी साबणाने हात धुतले, पंच्याला पुसले आणि मगच ती तळहातावर घेतली.

"एवढ्यात माझ्या दारात गाय आली असती," धावपट्टीचा राखणदार आप्पासो म्हणाला.

"तुझी गाय उडती का रं?"

"न्हाई. पर दूध तरी देती. तुमचं हे इमान नुसतं तेल पितंय."

विमान नाथाजींचे नव्हते. सांगलीचे बागायतदार वीरधवल यांच्या आजोबांनी हौसेने घेतलेले ते दोन जणांचे, कापडी पंखांचे विमान. इंजिन स्वातंत्र्याच्या आधीचे. नाथाजी हवाई दलात इंजिन फिटर होते. निवृत्तीनंतर मलकापुरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत. बायको अंबूबाई जाऊन बरीच वर्षे झाली होती. मुलगा बंगळुरात. त्याचा रविवारी फोन येई, पण 'जेवलात का' याच्या पुढे दोघांनाही काही सुचत नसे. म्हणून नाथाजी चहा घेतला की धावपट्टीकडेच्या विमानाच्या शेडवर येत. तिथे इंजिनाशी तरी बोलता येई. "आज कुठं दुखतंय गं बाई?" असे विचारून ते कामाला लागत.

दुखणे तेलाचे होते. इंजिन थंड असताना दाबाचा काटा वर राही आणि तापले की खाली घसरे. तेल दाबाने पोचले नाही तर आतली बेअरिंगे झिजतात, आणि आभाळात इंजिन अडकले तर खाली उतरून धक्का मारायची सोय नसते. वीरधवलांनी स्पष्टच सांगितले होते, "नाथाजीमामा, हा शेवटचा खर्च. काटा वर राहिला तर ठीक. नाहीतर हायवेवरचा एक हॉटेलवाला मागं लागलाय. त्याला दारात खांबावर चढवायला विमान पाहिजे."

नाथाजींनी नवी चाके बसवली आणि इंजिन चालवून तापवले. काटा तिसावर राहायला हवा होता. तो सव्वीसवर येऊन थांबला.

त्या दिवशी ते डबा न उघडता स्टुलावर बसून राहिले. विमान गेले तर सकाळी उठून जायचे कुठे, एवढा एकच विचार डोक्यात होता. मग उठले. इंजिनात तेलाचा जादा दाब सोडून देणारी एक झडप असते आणि तिला एक स्प्रिंग रेटून धरते. त्या स्प्रिंगच्या मागे त्यांनी एक पातळ वॉशर सारला. स्प्रिंग ताठली, काटा एकतीसवर गेला. स्प्रिंगच जुनी होऊन ढिली पडली असेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. जुने फिटर असे करतातही. पण एरवी आप्पासोला भाजीत मीठ किती पडले तेसुद्धा सांगणारे नाथाजी याबद्दल अवाक्षर बोलले नाहीत.

परवाना असलेला अभियंता आला, काटा पाहून सही करून गेला. दसऱ्याला वीरधवलांनी मुलगी संयोगिता हिला घेऊन सांगलीवरून एक चक्कर मारायची, असे ठरले.

खंडेनवमीच्या सकाळी नाथाजींनी तेलाची जाळी धुवायला काढली. जाळी धुतलेले रॉकेल पांढऱ्या फडक्यातून गाळले. फडक्यावर मिठाईच्या वर्खासारखी चकाकी उरली. ती बेअरिंगच्या झिजलेल्या धातूची होती. काटा ऐटीत उभा होता आणि आत इंजिन झिजत होते. त्यांनी फडक्याची घडी करून खिशात घातली.

थोड्या वेळाने बापलेक पूजेला आले. पोत्यावर पाने, पकडी, हातोडी मांडली, हळदकुंकू वाहिले, विमानाच्या पंख्याला झेंडूचा हार घातला. खंडेनवमीला पूजेत मांडलेले हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत हलवायचे नसते. कवठे महांकाळच्या रानात पेरणीचा वाफसा निघून चालला असतानाही नाथाजींच्या वडिलांनी पूजेतली पाभर कधी उचलली नव्हती.

संयोगिता पुढच्या बैठकीवर चढून बसली. "आजोबा, उद्या मलकापूरवरनं जाताना हात करते. गच्चीवर उभे राहा."

"गच्ची घरमालकाची हाय, पोरी."

"मग रस्त्यात उभे राहा. एकटेच असता, लगेच ओळखू याल!"

ती हसली. नाथाजी वाकले आणि पूजेतला पाना उचलला.

"आवं, आवं! पूजेतला पाना!" आप्पासो ओरडला.

"मामा, उद्या सकाळी उचला की," वीरधवल म्हणाले. "आज काय अडलंय?"

"उद्या उशीर हुईल."

बोटांना कुंकू लागले होते. त्यांनी झडपेचे टोपण खोलले, स्प्रिंग काढली, तिच्या मागचा वॉशर वीरधवलांच्या हातावर ठेवला आणि शेजारी फडके उलगडले. "ह्यो मी घातला हुता. ह्याच्याबिगर काटा सव्वीस. आन् हे आतनं निघालंय."

वीरधवलांनी फडके उजेडात धरले. "सही झाली तेव्हा का नाही बोललात?"

"बोललो असतो तर इमान गेलं असतं."

"आणि आता राहील?"

"न्हाई."

"माझी पोरगी बसणार होती यात, मामा."

"म्हणून तर पाना उचलला."

वीरधवलांनी मुलीला खाली उतरवले. प्रसादाचे पेढे तसेच राहिले. गाडी फाटकातून बाहेर पडेपर्यंत संयोगिता मागच्या काचेतून बघत होती. तिने हात केला नाही.

दिवाळीनंतर हॉटेलवाल्याचा ट्रक आला. पंख नाथाजींनीच सोडवून दिले. हमालांनी बांधायला काथ्या काढला, तसे ते म्हणाले, "काथ्यानं कापड फाटतं." त्यांनी आप्पासोला सुती दोर आणायला पिटाळले.

"आजोबा, आता कुठं उडणार आहे हे?" ड्रायव्हर म्हणाला.

गाठी नाथाजींनी स्वतः मारल्या. ट्रक साताऱ्याच्या बाजूला वळला.

दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखे शेडवर आले. फरशीवर तेलाचा डाग होता, तेवढाच. आप्पासोने चहा पुढे केला, तो त्यांनी उभ्यानेच घेतला. "बसा की," आप्पासो म्हणाला. "कशाला आता," असे म्हणून ते परत फिरले. त्यानंतर ते तिकडे गेलेले नाहीत.

सुती दोराचे दोनशे दहा रुपये आप्पासोला नाथाजींकडून अजून यायचे आहेत.