भोईवाड्याची करिबियन रिले

जमैकाची एक धावपटू निवृत्त झाली, त्या रविवारी आमच्या घरी मटण झालं नाही.

सुतकच होतं म्हणा ना! माझे वडील, म्हणजे पप्पा, पालिकेच्या शाळेत पीटीचे शिक्षक होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण गळ्यातली शिट्टी अजून उतरलेली नाही (अंघोळीलाही नाही). भोईवाड्यातले बाकीचे म्हातारे क्रिकेट बघतात. पप्पा करिबियन बेटांवरचे धावपटू बघतात. जमैका, त्रिनिदाद, बहामा, ग्रेनाडा. कोण कुठल्या गावचा, कुणाचा पाय कधी मुरगळला, कोण कोणाकडून थोडक्यात हरला, सगळं पाठ. सख्ख्या नातवाचा वाढदिवस मात्र दरवर्षी सांगावा लागतो.

"अरे, आपल्या एका वॉर्डात राहतात तेवढी माणसं नाहीत त्या ग्रेनाडात! तरी सोनं आणतात. आणि तू? लिफ्ट बंद पडली की ऑफिसला दांडी मारतोस."

ही निवृत्त झालेली बाई त्यांची सर्वांत लाडकी. (नाव लिहीत नाही. मी उच्चारलं की पप्पा परत परत म्हणायला लावतात.) मूल झाल्यावर लोकांनी तिला मोडीत काढलं होतं, तर पठ्ठीने परत येऊन सुवर्णपदक जिंकलं! तिचा आणि तिच्याबरोबरच्या तमाम करिबियन मंडळींचा गौरव सोहळा आमच्या सोसायटीच्या आवारात करायचा, असं पप्पांनी जाहीर केलं.

"पण पप्पा, त्या येणार आहेत का?" माझ्या बायकोने, स्नेहाने विचारलं.

"त्यांना कशाला त्रास? आपण आपला करायचा."

सेक्रेटरींनी आवार लगेच दिलं, कारण वेस्ट इंडीज म्हणजे क्रिकेट, असा त्यांचा समज झाला. तो दूर होईपर्यंत खुर्च्या मांडून झाल्या होत्या. सोहळ्याच्या सकाळी त्या खुर्च्यांवर तीन माणसं होती. एक सेक्रेटरी आणि दोघं खुर्चीवाल्याची माणसं (चहासाठी थांबलेली). पप्पा भाषणाचे कागद नुसते सारखे करत राहिले. ते बघवेना, म्हणून मी म्हणालो, "पप्पा, रिले चालू करूया. धावताना बघून लोक येतील."

रिले ही त्यांचीच कल्पना. आम्ही घरचेच चार देश. स्नेहा ग्रेनाडा, माझे दाजी बहामा, ताई त्रिनिदाद आणि शेवटच्या टप्प्याला, जिथे सर्वांत वेगवान माणूस ठेवतात तिथे, मी! जमैका! पिवळा टी-शर्ट, हिरवी टोपी. आरशात बघितलं, तर देठासकट हापूस दिसत होतो.

ताई पर्स अडकवूनच उभी.

"ताई, पर्स ठेव ना घरी."

"आणि बीपीच्या गोळ्या? रस्त्यात चक्कर आली तर तुझा जमैका देणार?"

शिट्टी वाजली. स्नेहाने बॅटन, म्हणजे हातोहात द्यायचं ते लाकडी दांडकं, गल्लीतून नाक्यापर्यंत व्यवस्थित नेलं. दाजी वाटेत एका ओळखीच्या माणसाशी बोलायला थांबले, पण पोहोचले. मग ताई माझ्या दिशेने निघाली. पर्स खांद्यावरून घसरायला लागली, म्हणून तिने ती हातात घेतली. एका हातात दांडकं, दुसऱ्या हातात पर्स. पप्पांनी मला बजावलं होतं, मागे बघायचं नाही. हात मागे करायचा, लागेल ते धरायचं आणि सुटायचं. मी हात मागे केला, लागलं ते धरलं आणि सुटलो.

दांडक्याला पट्टा नसतो, हे मला बरंच पुढे गेल्यावर सुचलं.

"अरे माझी पर्स!" मागून ताई किंचाळली. "थांब! पर्स घेऊन कुठे पळतोस मेल्या!"

आता तुम्हीच सांगा. लेडीज पर्स घेऊन एक इसम पळतोय आणि मागून एक बाई दांडकं उगारून धावतेय. नाक्यावरच्या माणसांना आणखी काय पुरावा हवा?

"चोर! पकड उसको!"

"अरे तो पिवळा! पिवळ्याला धर!"

थांबून समजावून सांगावं, असं वाटलं. पण वळून बघितलं तर चहावाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळे निघालेले आणि कुणाच्याही चेहऱ्यावर समजून घ्यायची तयारी दिसेना. मी पळालो. असा पळालो, की दुखरा गुडघा दुखायचा विसरला! एका स्कूटरवाल्याला मी मागे टाकलं (तो पार्क करत होता, पण टाकलं).

सोसायटीच्या गेटातून आत शिरलो तेव्हा पप्पा फीत धरून उभे होते. पुढे मी, मागे निम्मा भोईवाडा. पप्पांचे डोळे भरून आले.

"बघा सेक्रेटरी, आले की नाही लोक!"

फीत हातभर राहिली असताना माझी कॉलर मागून कुणीतरी धरली. बघतो तर पांढऱ्या गणवेशातली एक नर्स! परळला रात्रपाळी करून घरी निघालेली. सगळ्यांच्या मागून निघून सगळ्यांच्या पुढे आली होती आणि साधी धापही लागली नव्हती.

"लाज नाही वाटत? बायकांच्या पर्सा पळवतोस?"

"अहो, बहिणीची आहे!"

"बहिणीचीसुद्धा सोडत नाहीस?"

तेवढ्यात ताई पोहोचली. तिने आधी पर्स उघडली, गोळी काढली, पाणी मागवलं, गोळी गिळली आणि मगच म्हणाली, "भाऊ आहे माझा. सोडा त्याला."

नर्सने सोडलं नाही. सगळे एकमेकांना ओळखतात म्हणजे टोळीच असणार, असा तिचा हिशोब. बाकीचे लोक मात्र हिरमुसले. हात साफ करायची संधी गेली. ते परत फिरणार, तोच पप्पांनी शिट्टी फुंकली.

"सगळ्यांनी बसून घ्या!"

पीटीच्या मास्तरांच्या शिट्टीत काय असतं कोण जाणे, चोर पकडायला आलेली माणसं गुपचूप रांगेत बसली. खुर्च्या कमी पडल्या. आणि पप्पा बोलले! गवतावर आखलेल्या ट्रॅकवर धावणारी पोरं, इवल्याशा बेटावरून येऊन जग जिंकणारी माणसं, आई होऊन परत आलेली ती. इस्त्रीवाल्याने चक्क डोळे पुसले. मी हे सगळं उभ्यानेच ऐकलं. कॉलर नर्सच्या हातात होती.

शेवटी मी हळूच विचारलं, "पप्पा, माझी वेळ कशी होती?"

"वेळ चांगली होती. पण बॅटन कुठे आहे? ताईच्या हातात. संघ बाद!"

आणि सोहळ्यासाठी आणलेलं पदक त्यांनी नर्सच्या गळ्यात घातलं.

"सिस्टर, एवढं धावायला कुठे शिकलात?"

"दोन पोरं आहेत, काका. रोज एकाची तरी स्कूल बस सुटते."

पप्पांनी तिला कडक सॅल्यूट ठोकला.

त्याचा फोटो आता आमच्या हॉलमध्ये आहे. मधे सिस्टर, गळ्यात पदक, आणि शेजारी मान वाकडी केलेला मी. आल्या-गेल्याला पप्पा कौतुकाने दाखवतात, "या आमच्या विजेत्या."

"आणि त्यांनी धरलाय, तो?"

"तो होय? तो चोर," पप्पा म्हणतात. "पण घरचाच आहे."