सहा तुकड्यांचा शब्द

मेंढ्यांच्या पोटातल्या जंतांवरचा तो प्रकल्प माझा होता. लेंड्या आमच्याच मेंढ्यांच्या; राहू गावाहून डब्यांत भरून दौंडच्या कॉलेजात मी आणल्या, आणि सुट्ट्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मीच घालवल्या. रोगाचं नाव तेवढं कुणाच्या जिभेवर बसत नव्हतं. ट्रिकोस्ट्रॉन्जिलोसिस. सरसुद्धा मधला भाग गिळून टाकायचे.

मला ते जमलं आबांमुळे. माझे वडील सकाळी मेंढवाड्याच्या जाळीच्या फटीतून मेंढ्या बाहेर सोडताना जोडीजोडीनं मोजायचे. तसाच मी तो शब्द सोडला: ट्रि-को, स्ट्रॉन-जि, लो-सिस. तीन जोड्या, आणि जोर ‘लो’वर. मोबाइलवरच्या उच्चाराशी ताडून पाहिला, तंतोतंत जुळला.

शिरूरला प्रकल्पांची स्पर्धा ठरली, तेव्हा सरांनी बोलायला वर्गातल्या दुसऱ्याच मुलीला उभं केलं. ती रेल्वे कॉलनीतली, इंग्रजी माध्यमातली. तुझं इंग्रजी गावाकडचं वाटतं, परीक्षकांसमोर कॉलेजचं हसं नको, असं त्यांनी मला अगदी मायेनं समजावलं. वर तो शब्द तिला शिकवायचं कामही माझ्याच गळ्यात घातलं.

आठवडाभर शिकवलं. चुकीचा शिकवावा, असं एकदा नव्हे, दहादा मनात आलं. पण चुकीचं तोंडातून निघेना. मुलगी वाईट नव्हती. तू किती छान तोडून सांगतेस गं, म्हणायची. मला ती तरीही नकोशी झाली होती.

शिरूरच्या सभागृहात तिनं तो शब्द कुठंही न अडखळता म्हटला. पहिला नंबर आला, परीक्षकांनी उच्चाराचं खास कौतुक केलं. पडद्यावर शेवटी आभारांची यादी होती. त्या यादीत बारीक अक्षरांत माझं नाव, ‘नमुने गोळा करण्यास सहकार्य’. आबा इस्त्रीचा सदरा घालून मागच्या रांगेत बसले होते. इंग्रजी त्यांना कळत नव्हतं, टाळ्या मात्र त्यांनी सगळ्यांच्या नंतरही वाजवल्या.

बाहेर सर आम्हाला भेटले. “मामा, तुमच्या मुलीची फार मदत झाली बरं का.”

आबांनी दोन्ही हात जोडले. “तुमचं लई उपकार झालं, सर. येवढ्या मोठ्या कामाला आमच्या पोरीचा हात लागू दिला.”

तिथं बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. सरांचा राग आहेच, पण माझ्या गप्प बसण्याचा त्याहून जास्त आहे. आबांना मी अजून खरं सांगितलेलं नाही. घरी पाहुणा आला, की ते कौतुकानं सांगतात, आमची पोरगी सरांच्या कामात मदतीला होती.