जमीन फेस्टसच्या नावावर झाली

फेस्टस कॉयन आमचा शेजारी. वय सत्तेचाळीस, डोक्यावर टक्कल, निम्म्या दाढा पडलेल्या, आणि सगळं गाव त्याला अजून 'सबिनाचा पोरगा' म्हणतं. आयर्लंडातल्या आमच्या मेयो परगण्यात रीतच आहे तशी. जमीन नावावर झाल्याशिवाय लग्न नाही, आणि लग्न झाल्याशिवाय माणूस मोठा होत नाही. जमीन एकालाच मिळते, बाकीच्यांनी अमेरिकेची वाट धरायची. त्याची सहा भावंडं तशी एकेक करून गेली. हा शेंडेफळ, आईजवळ राहिला.

जमीन त्या आईच्या नावावर. सबिनाबद्दल मी वाईट बोलते, पण कारण ठाऊक असून बोलते. शेतातले बटाटे कुजून मोठा दुष्काळ पडला त्या काळात ती पंधरा वर्षांची होती. तिच्या बापाने चार मुलांत जमिनीचे चार तुकडे केले होते. चारांतल्या एकाही तुकड्यावर माणूस उरलं नाही, ही तेवढी वाचली. तेव्हापासून तिने मनाशी गाठच बांधली, की जमीन वाटायची नाही आणि जिवंतपणी सोडायची नाही.

माझी धाकटी बहीण विनी या फेस्टससाठी थांबली. एक-दोन नव्हे, बारा वर्षं. आमच्याकडे ईस्टरआधीचे उपासाचे चाळीस दिवस लागायच्या आत लग्नं उरकतात. ते दिवस जवळ आले की विनी त्याला गाठायची.

"बोललास का रे आईशी?"

"या वर्षी नको गं. तिची छाती दुखतेय."

"गेल्या वर्षी गुडघा होता! अजून दुखायचं काय काय शिल्लक आहे ते एकदाच सांगून टाक, म्हणजे मी कुठवर थांबायचं ते मला कळेल."

तो मान खाली घालायचा. भांडला असता तर बरं झालं असतं.

उपास लागले की पहिल्या सोमवारी बिनलग्नाच्या माणसांवर मीठ टाकतात, पुढच्या वर्षापर्यंत टिकावीत म्हणून. थट्टाच ती. अठराशे अठ्ठ्याण्णव साली विहिरीवर कुणीतरी विनीच्या डोक्यावर मूठभर मीठ ओतलं आणि म्हणालं, "मुरू दे हो अजून!" सगळे खिदळले. फेस्टसही हसला. विनीने केस झटकले नाहीत. तशीच घरी आली आणि म्हणाली, "बार्बरा, आईची ट्रंक कुठे ठेवलीस?"

महिन्याभरात ती क्वीन्सटाउन बंदरात अमेरिकेच्या बोटीत बसली. तेहतीस वर्षांची होती. फेस्टस स्टेशनवर आला नाही. गाय व्यायला झाली होती म्हणे.

अकरा वर्षं गेली. मग सरकारने सत्तरी गाठलेल्यांना आठवड्याला पाच शिलिंग पेन्शन द्यायचं ठरवलं. पण जमीन बाळगून असणाऱ्याला ती मिळणं अवघड. बारा वर्षांच्या विनवण्यांनी जे झालं नव्हतं ते एका दुपारीत झालं. सबिनाने तालुक्याला जाऊन वकिलासमोर कागदावर फुली मारली आणि जमीन पोराला दिली.

फेस्टस शेतातून तडक आमच्या दारात. "बार्बरा, विनीला लिही. जमीन माझी झाली. ये म्हणावं."

बैल गेला नि झोपा केला! तोंडावर आलं होतं, पण त्याचा चेहरा बघून गिळलं. लिहिलं.

सात आठवड्यांनी बोस्टनहून उत्तर आलं. त्याला अक्षर ओळखता येत नाही, म्हणून मीच वाचून दाखवलं. विनीने लिहिलं होतं: 'मी चव्वेचाळीस वर्षांची झाले. आता मला मूल होणार नाही, आणि त्या विहिरीवर मी परत पाऊल ठेवणार नाही. पण मी लग्नही केलेलं नाही. फेस्टसला म्हणावं, जमीन विक आणि इकडे ये. म्हातारीलाही आण. तिची सहा लेकरं इथेच तर आहेत. दोघांची तिकिटं मी पाठवते.'

फेस्टस रडला. त्याला रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते. मला वाटलं, आता हा जाणार. माझा स्वतःचा जीव इतका हलका झाला की मी लगेच दौत पुढे ओढली.

"मग काय लिहू?"

त्याने बाहीने नाक पुसलं, टोपी उचलली. "आईला विचारून सांगतो."

तीन आठवडे मी वाट पाहिली. वाटेत भेटला की तो दुसऱ्या बाजूला बघायचा. शेवटी त्याचे ते तीन शब्द, जसेच्या तसे, मी विनीला लिहून पाठवले. त्यानंतर तिचं पत्र कधी आलं नाही.