ज्येष्ठमधाच्या कांड्या

माझे घरधनी सांगलीच्या बाजारात हळदीचे सौदे पुकारायचे. दिवसभर ओरडून घसा बसायचा, म्हणून मी रोज सकाळी ज्येष्ठमधाच्या चार-पाच कांड्या त्यांच्या खिशात घालायचे. वर्षभर त्यांनी त्या चघळल्या. बीपी चढत गेला, गोळ्या वाढल्या, पाय सुजले. डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काही औषध घेतात का?"

"न्हाई वो," मी म्हणाले. झाडाचं मूळ मला औषध वाटलंच नव्हतं.

एके दिवशी भर सौद्यात ते कोसळले. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंना त्यांच्या खिशात कांडी सापडली.

"ताणात अंगात कॉर्टिसोल नावाचं द्रव्य तयार होतं," त्या म्हणाल्या. "मूत्रपिंडं त्याचा जोर मोडून टाकतात. रोज ज्येष्ठमध खाल्लं की ते काम अडतं, अंगात मीठ-पाणी साठतं आणि बीपी चढतो. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, मावशी."

पण खिशात कांड्या घालणारा हात माझाच होता.

आता मी त्यांना घास भरवते. ते माझ्याकडे एकटक बघत राहतात. कांड्यांचं हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तरी त्यांना माझ्यावर ओरडतासुद्धा येणार नाही.