चोळणं पुरे!

प्रसूतिगृहातल्या मोठ्या सिस्टर तोंडाने फटकळ. त्या बोलायला लागल्या की डॉक्टरीणबाईसुद्धा गप्प ऐकून घेत. तीस वर्षांत त्यांनी नियम केले दोनच. बाळ रडलं नाही तर पुसायचं, पाठ चोळायची. तरी श्वास आला नाही तर पहिलं मिनिट संपायच्या आत मास्क लावून फुग्याने हवा द्यायची. आणि बाळ ठीक असलं की पहिला तास ते आईच्या उघड्या छातीवर. वजन, आंघोळ, नातेवाइकांचं कौतुक, सगळं मागाहून.

"आजी, तुमचा नातू काही पळून जात नाही. तासभर बाकावर बसा," असं त्यांनी आजवर कित्येकींना सुनावलं होतं. दोघीतिघी रुसून घरी गेल्या. गेल्या तर गेल्या!

धाकटी सिस्टर त्यांच्याच हाताखाली तयार झालेली. शिकताना एकदा ती रबरी बाहुलीची पाठ नुसती चोळतच बसली, तेव्हा मोठ्या सिस्टर कडाडल्या होत्या, "भांडं घासतेयस का गं? चोळणं पुरे! मास्क घे!" पोरगी त्या दिवशी ढसाढसा रडली, पण पुन्हा चुकली नाही.

मग मोठ्या सिस्टरांच्या लेकीचं बाळंतपण आलं. त्यांनी रजा टाकली. "मी नुसती उशाशी उभी राहीन," म्हणाल्या. त्यांना नाही म्हणायची कोणाची छाती?

सकाळी अकराला नात झाली. निळसर, लुळी, आवाज नाही. डॉक्टरीणबाई लेकीकडे बघत होत्या. धाकटीने बाळ टेबलावर ठेवलं मात्र, मोठ्या सिस्टरांनी टॉवेल हिसकावून घेतला आणि पाठ चोळायला लागल्या. "रड गं माझी बाय, रड एकदा!" भिंतीवरचा सेकंदकाटा अर्धी फेरी मारून पुढे गेला. धाकटी मास्क घेऊन तयार होती.

"सिस्टर, सोडा आता."

त्या चोळतच होत्या.

"आई, ती रडत का नाही?" लेकीने विचारलं.

"भांडं घासताय का?" धाकटी कडाडली. "चोळणं पुरे! हात काढा!"

मोठ्या सिस्टरांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. धाकटीने बाळाची मान सरळ केली, मास्क बसवला, फुगा दाबला. छाती हलली नाही. तिने घाई केली नाही. हनुवटी जरा उचलून मास्क पुन्हा बसवला. छाती वर आली. एक, दोन, तीन... वीस-पंचवीस श्वास दिले असतील, तोच पोरीने तोंड वेडंवाकडं केलं आणि असा टाहो फोडला की बाहेर विहीणबाई उठून उभ्या राहिल्या.

बाळ लेकीच्या छातीवर गेलं. मोठ्या सिस्टरांनी हात पुढे केले. "जरा माझ्याकडे..."

"आजी," धाकटी बाळावरची नजर न काढता म्हणाली, "तुमची नात काही पळून जात नाही."

त्या मुकाट्याने बाहेर आल्या आणि बाकावर बसल्या. बाक भलताच टणक होता. तीस वर्षांत त्या त्याच्यावर कधी बसल्याच नव्हत्या.

"काय हो, तुम्हालाही बाहेर काढलं?" विहीणबाईंनी विचारलं.

"काढलं, आणि बरं केलं," मोठ्या सिस्टर पदराने डोळे पुसत म्हणाल्या. "माझा हात आज चुकला हो. तिचा नाही चुकला."

"मग आता? जरा बघून येऊ का आपण?"

"खाली बसा!" मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "अजून पन्नास मिनिटं आहेत."