संवर्धनाच्या पेपरातलं खवल्या मांजर

फॉर्मॅलीनचा वास आला की मला आजही राग येतो. नातवाच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं, तिथे बरणीत एक बेडूक दिसला आणि मी त्या बिचाऱ्या बाईंवर विनाकारण खेकसले. सून म्हणाली, आई, तुमचं काहीही असतं. असेल. पण एम.एस्सी.ची दोन वर्षं मी नागपुरात त्या वासात काढली आहेत. मी प्राणिशास्त्र शिकले असं लोक कौतुकाने सांगतात, तेव्हा वाटतं यांना विचारावं, अहो, दोन वर्षांत हलणारा प्राणी किती वेळा दाखवला हो मला कुणी?

सत्तरचं दशक सरत आलं होतं. आमच्या विभागात एक रिवाज होता, त्याला सगळे 'कलेक्शन' म्हणायचे. परीक्षेला बसायचं तर प्रत्येकाने नमुने जमा करायचे. मारायचे, धुवायचे, बरणीत घालायचे, वर आपल्या नावाची चिठ्ठी चिकटवायची. बेडूक, पाणसाप, खेकडे, वटवाघळं. दरवर्षी पोरं गावाबाहेरच्या त्याच त्या तलावांवर तुटून पडत आणि दरवर्षी बरण्यांमधले बेडूक लहान होत जात. मार्कांचा हिशेब सरळ होता. रोज दिसणाऱ्या प्राण्याला कमी मार्क, क्वचित दिसणाऱ्याला जास्त. एकाने घुबड आणलं तेव्हा वर्गाने टाळ्या वाजवल्या होत्या.

शेवटच्या वर्षाला आम्हाला नवा पेपर आला, वन्यजीव संवर्धन. काही वर्षांपूर्वी सरकारने कायदा केला होता, तेव्हा युनिव्हर्सिटीलाही जाग आली असावी. पेपर आमच्या विभागातल्या सगळ्यांत ज्येष्ठ सरांकडे गेला. सर वाईट शिकवत होते अशातला भाग नाही, आणि तेच जास्त चीड आणतं. कायद्याने कोणत्या प्राण्यांना हात लावायचा नाही त्याची यादी त्यांनी खड्या आवाजात सांगितली, आम्ही खाली मान घालून उतरवून घेतली. तास संपता संपता म्हणाले, प्रॅक्टिकल नेहमीसारखंच, कलेक्शन. यादीतला प्राणी आणलात तर पूर्ण मार्क.

एवढी शिकलेली माणसं त्या खोलीत बसली होती, पण कुणालाही हसू आलं नाही.

माझं आजोळ भिवापूरकडचं. सुटी लागली की छोट्या रेल्वेने आम्ही मामाकडे जायचो. मामाचं मिरचीचं वावर होतं आणि त्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पळसाखाली मोठी वारुळं होती. त्या दिवाळीत दिवस कलताना तिथे मला खवल्या मांजर दिसलं. नावातच काय ते मांजर. अंगभर वाळल्या शेंगेसारखे टणक खवले, तोंडात एक दात नाही, आणि हातभर लांब जीभ काढून वारुळातली उधई, म्हणजे वाळवी, खाणारं. पुढच्या पायांची लांब नखं आत मुडपून ते अशा तोऱ्यात चालत होतं, की जणू निऱ्या सावरत एखादी काकू लग्नाला निघाली आहे. आणि शेपटीच्या बुडाशी पिल्लू चिकटलेलं. आई वारूळ उकरत होती, पिल्लू वर बसून डुलत होतं. माझ्या पायाला मुंगळे चावत होते तरी मी जागची हलले नाही. प्राणिशास्त्र हे असतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मी ठरवलं, संवर्धनाच्या पेपरासाठी प्रोजेक्ट करायचा तो हिच्यावरच, आणि हिला जिवंत ठेवून. दर शनिवारी भिवापूर गाठायचं आणि दिवस कलला की रात्र चढेपर्यंत धुऱ्यावर बसायचं. ती किती दूर जाते, कोणतं वारूळ आधी उकरते, पिल्लू केव्हा खाली उतरतं, सगळं मी लिहून काढलं. मामाला याची भारी गंमत वाटायची. "जनावराले एवढं पाहाचं काय असते वं? ते काय सिनेमा होय?" असं म्हणायचा, पण बसायला बाज त्यानेच नेऊन टाकली, आणि गावातली कुत्री तिकडे फिरकू नयेत म्हणून गड्यांना ताकीद दिली ती त्यानेच.

निम्मं काम झाल्यावर मी कागद सरांपुढे ठेवले. त्यांनी शेवटचं पान उलटून पाहिलं.

"नमुना कुठे आहे?"

"सर, ती जिवंत आहे. सोबत पिल्लू आहे."

"ते वाचलं मी. नमुना कुठे आहे?"

मी म्हटलं, सर, ती तुमच्या यादीत आहे. ते शांतपणे म्हणाले, "म्हणूनच पूर्ण मार्क आहेत. कायदा शिकाऱ्यांसाठी असतो. आपण अभ्यासक आहोत." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, मेल्यावर ती कशी चालते ते कसं दिसणार? तर म्हणाले, "आणि नमुन्याशिवाय तू लिहिलेलं खरं कशावरून? गोष्टीची पुस्तकं मी पास करत नाही. नमुना नसेल तर या पेपरात नापास, हे आत्ताच सांगून ठेवतो."

नापास म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. घरी स्थळं बघणं सुरू झालं होतं आणि एक वर्ष वाया गेलं की शिक्षण बंद, हे बाबांनी स्वच्छ सांगितलं होतं. तरी मी म्हटलं, सर, खरंखोटं करायचं तर तुम्ही स्वतः येऊन बघा. त्यांनी पेनचं टोपण लावलं आणि म्हणाले, येतो. मला वाटलं, मी जिंकले. मूर्ख.

सर विभागाच्या जीपने आले. भाचीचे साहेब घरी आले म्हणून मामाने अंगण शेणाने सारवून घेतलं होतं, मामीने पाटोड्यांचा रस्सा केला होता. सर पोटभर जेवले. मग आम्ही धुऱ्यावर गेलो. ती दिवसा बिळात झोपलेली असायची. सरांनी वाकून बिळाचं तोंड पाहिलं, मातीवरचे नखांचे ओरखडे पाहिले, बोटाने मोजल्यासारखं केलं आणि "वा" म्हणाले. खोटं कशाला सांगू, मला त्या एका शब्दाने भरून आलं. तेवढ्यात मामीने हाक मारली, चहा न्यायला ये. बायकांनी चहा आणायचा असतो, म्हणून मी गेले.

आमच्या भागात पाहुण्याला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. ओळखीचा असो, नसो, गाडीत काहीतरी टाकतातच. मामाने मिरच्यांचं गाठोडं पुढे केलं होतं. सर काय म्हणाले ते मला मामाकडून नंतर कळलं: मिरच्या राहू द्या हो, तुमची भाची हुशार आहे, पण हे जनावर नसलं तर तिचं वर्ष जाईल. एवढं एकच वाक्य. फावडं, सब्बल त्यांनी हातातही धरली नाही.

मी चहा घेऊन परत आले तर बीळ उपसलेलं होतं, मामा घाम पुसत होता आणि जीपमध्ये तोंड बांधलेलं पोतं होतं.

"काहून केलं गा मामा?" मी ओरडले. हातातला चहा सांडला. "काहून?"

"तुह्यासाठीच केलं वं. साहेब म्हणून राहिले, का याच्याशिवाय तुले पास करत नाहीत. आन् पिल्लू नव्हतं आतमंदी, मी पाह्यलं. ते गेलं असन कुठं. आता रडू नको, पाहुण्याइसमोर शोभा होते."

त्याच्या तोंडावर इतका आनंद होता, की मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. माझ्या सख्ख्या मामाच्या. सर तोवर जीपमध्ये बसले होते आणि रुमालाने बूट पुसत होते.

मीही जीपमध्ये चढले, मागे, पोत्याजवळ. पोत्याला हात लावला की आतला श्वास कळत होता. उमरेडला सर आणि ड्रायव्हर चहाला उतरले. मी पोतं खाली ओढलं आणि सोडलं. ती गोल वेटोळं करून बाहेर गडगडली. मी मागे सरले, म्हटलं आता उघडेल, पळेल. ती उघडली नाही. वाघ आला तरी हा प्राणी असाच गोळा होऊन पडतो, वाघ पंजे मारमारून कंटाळतो आणि निघून जातो, हे माझ्याच प्रोजेक्टमध्ये मी मोठ्या कौतुकाने लिहिलं होतं. इथे भर बाजारात ती गोळा होऊन पडली होती, भोवती माणसं जमली, कुत्री भुंकायला लागली. मी कवेत घेऊन उचलायला गेले तर खवल्यांच्या कडांनी हात कापले, आणि ते ओझं मला चार पावलंही नेता येईना. पळ ना गं, मी तिला म्हणत होते, पळ ना. सर पान खाऊन आले, ड्रायव्हरने तिला चेंडूसारखं उचलून पुन्हा पोत्यात टाकलं. माझ्यावर कुणी रागावलंसुद्धा नाही.

विभागात क्लोरोफॉर्म दिला तेव्हा मी व्हरांड्यात उभी होते. थोड्या वेळाने विभागाचा चपराशी बाहेर आला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, आत पिल्लू निघालं." आईचं वेटोळं मेल्यावरच उघडलं होतं. तिने पिल्लू पोटाशी धरून वर शेपूट गुंडाळली होती, म्हणून मामाला ते दिसलं नव्हतं. म्हणून उमरेडलाही ती उघडली नव्हती.

सर म्हणाले, "नशीबवान आहेस. दोन नमुने."

मी म्हटलं, "सर, खाटीक निदान खायला मारतो."

वाटलं, आता काढून टाकतील, बरं होईल. पण त्यांनी फक्त चष्मा पुसला आणि म्हणाले, भावनाप्रधान मुली या विषयात टिकत नाहीत. दोन वेगळ्या बरण्या झाल्या, दोन्हींवर माझं नाव लागलं. बाबांनी मला परीक्षेला बसायला लावलं. संवर्धनाच्या पेपरात पहिली आले.

निकालानंतर मामा नागपूरला आला. बाबांसाठी मिरच्या, माझ्यासाठी पेढे. भाचीचं कॉलेज बघायचंच म्हणून हट्ट धरला. मी टाळत होते, तो ऐकेना. व्हरांड्यातल्या कपाटापुढे तो टोपी सावरून उभा राहिला आणि माझं नाव त्याने अक्षर लावून लावून वाचलं. खूश झाला. मग त्याची नजर शेजारच्या लहान बरणीवर गेली. तो काचेशी वाकला.

"हे आतमंदी होतं?"

"होतं."

"मी तं त्याच्यासाठी बीळ उघडं ठेवलं वं. रोज जाऊन पाहून राहिलो, का कधी येते." त्याने काचेवर बोट ठेवलं, मग काढून घेतलं. "याचे मार्क अलग भेटले का तुले?"

तो टोमणा नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं, आणि निदान तेवढं तरी कामाला यावं असं त्याला वाटत होतं. माझ्या मनात तेव्हा फक्त राग होता. सरांना कितीही बोलले तरी लागणार नव्हतं, ते मी करून पाहिलं होतं. ते पिल्लूही त्याच्याच हाताने माझ्या मार्कांसाठी मेलं, हे मामाला लागणार होतं, म्हणून मी त्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं.

"हो. भेटले."